पैसे देणारे गिऱ्हाईक कोठे सापडते?

आठवड्याच्या बाजारात भल्या पहाटे येऊन आपला माल मांडणाऱ्या व्यापाऱ्यांकडे आमच्या वाचकांनी कधी तरी लक्षपूर्वक पाहिले असेलच. मिळेल त्या जागी गोणपाट अंथरून बसणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही. मडकी विकणारा कुंभार बाजाराच्या कडेला, गाडी उभी राहू शकेल अशा बेताने बसतो. बांगड्यांचा कासार बायकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आपली पेटी उघडतो. आणि खाऊवाला तर मुलांची नजर चुकूच शकणार नाही अशी मोक्याची जागा धरतो. जागेची ही पारख त्यांना कोणी शाळेत शिकविलेली नसते. गिऱ्हाईक कोठून येते, ते नुसते पाहून पुढे जाते की थांबून पैसे काढते, हे वर्षानुवर्षे पाहून त्यांनी आपला आडाखा बांधलेला असतो. आमच्यासारख्या साप्ताहिकात जाहिरात देणारा शिंपीदेखील याच चालीने विचार करतो. नाताळच्या आधीच्या अंकांत त्याची जाहिरात असते, ऐन पावसाळ्यात नसते. कारण घरोघरी नवे कपडे केव्हा शिवले जातात हे त्यास पक्के ठाऊक असते.

परंतु ज्या दुकानाला ओटा नाही, दार नाही, ज्याचे गिऱ्हाईक डोळ्यांना कधीच दिसावयाचे नाही, अशा दुकानाने आपली जाहिरात कोठे लावावी? इंटरनेटवर धंदा करणाऱ्या कंपन्या हे कसे ठरवितात? हा प्रश्न आमच्या मनात एका लहानशा घरगुती प्रसंगामुळे आला.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचा जुना कुकर कामातून गेला. नव्याची किंमत साधारण काय असेल ते पाहावे म्हणून आम्ही मोबाइलवर थोडा शोध केला, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन नेहमीच्या भांड्यांच्या दुकानातून रोख पैसे देऊन कुकर आणला. विषय संपला असे आम्हांस वाटले. मोबाइलला मात्र तसे वाटले नाही. पुढे पंधरा-वीस दिवस, बातम्या वाचावयास घ्याव्यात तर कुकर, पावसाचा अंदाज पाहावा तर कुकर! घरातील मंडळींना हसू आवरेना. शेवटी धाकट्याने विचारले, “बाबा, आपण कुकर घेतला हे यांना कोणी सांगितले नाही काय?” प्रश्न पोराचा होता, पण त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हांस एका मोठ्या व्यापाराचे अंतरंग दिसले. ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

टपालाने आलेली तबकडी

या विषयाचा पहिला धडा घ्यावयाचा तर अमेरिकेत, सुमारे तीस वर्षांपूर्वीच्या काळात जावे लागते. त्या वेळी ‘अमेरिका ऑनलाइन’ नावाची एक कंपनी होती. घरच्या संगणकाला टेलिफोनची तार जोडून पत्रव्यवहार, बातम्या आणि गप्पागोष्टी यांची सोय करून देणे हा तिचा धंदा. त्यासाठी ती दरमहा वर्गणी घेत असे. १९९२ साली तिचे भाग शेअरबाजारात आले, तेव्हा तिचे वर्गणीदार दोन लाखांहूनही कमी होते.

१९९३ साली जॅन ब्रँट नावाच्या बाई या कंपनीच्या विक्रीखात्यात आल्या. लोकांना ही सेवा शब्दांनी समजावून सांगणे कठीण आहे, तेव्हा ती त्यांच्या हातातच द्यावी, असे त्यांनी ठरविले. संगणकात घालावयाची तबकडी त्यांनी लोकांच्या घरी टपालाने फुकट पाठविली. घातली की सेवा सुरू. आरंभीचा काही काळ मोफत, पुढे वर्गणी. मग या तबकड्या मासिकांच्या आत, दुकानांच्या गल्ल्यांजवळ आणि खाद्यपदार्थांच्या खोक्यांतही दिसू लागल्या. एक वेळ अशी आली होती की जगात तयार होणाऱ्या तबकड्यांपैकी निम्म्यांवर आमचाच शिक्का असे, अशी आठवण ब्रँटबाईंनी पुढे सांगितली आहे.

वरवर पाहणाऱ्यास ही निव्वळ उधळपट्टी वाटावी. वस्तुतः तिच्यामागे पैपैचा हिशेब होता. कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह केस यांनी तो मागाहून उघड केला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, एक वर्गणीदार सरासरीने सुमारे २५ महिने टिकत असे, आणि तेवढ्या काळात त्याच्याकडून सुमारे ३५० डॉलर येत असत. त्याच्या दहा टक्के, म्हणजे ३५ डॉलर, एक नवा वर्गणीदार मिळविण्यासाठी खर्च करावयास हरकत नाही, असे त्यांनी ठरविले होते. तबकडी बनविण्याचा खर्च जसजसा उतरला, तसतशा अधिक तबकड्या पाठविणे परवडू लागले. दहा वर्षांत वर्गणीदारांची संख्या अडीच कोटींच्या घरात गेली.

इंटरनेटवरील जाहिरातीचा पाया या दोन आकड्यांत आहे. पहिला प्रश्न: हे गिऱ्हाईक आपल्याजवळ असेतोवर एकूण किती पैसे देईल? दुसरा प्रश्न: त्याला आणावयास किती खर्च येईल? पहिला आकडा दुसऱ्याहून पुरेसा मोठा असेल, ती जागा जाहिरातीस योग्य. मग ती वर्तमानपत्राचे पहिले पान असो की पोह्यांचे पाकीट असो. पाहणारे लोक किती, याला येथे महत्त्व नाही. पाहणाऱ्यांपैकी पैसे देऊन टिकणारे किती, याला आहे.

शब्दांचा लिलाव

ज्या काळी या तबकड्या घरोघर जात होत्या, त्याच काळी खुद्द इंटरनेटच्या पानांवरही जाहिराती येऊ लागल्या. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ नावाच्या अमेरिकन नियतकालिकाने आपल्या पानावर लांबट पट्टीच्या आकाराच्या जाहिराती प्रथम छापल्या. त्यांपैकी एक ‘एटी अँड टी’ या टेलिफोन कंपनीची होती. परंतु ही पद्धत जुन्या वर्तमानपत्रांचीच होती. जागा ठरलेली, भाडे ठरलेले, आणि पाहणाऱ्यांत शेतकरी किती, डॉक्टर किती, घेणारा कोण आणि सहज डोकावणारा कोण, याचा पत्ता नाही.

ही अडचण १९९८ साली कॅलिफोर्नियातील बिल ग्रॉस या उद्योजकाने एका निराळ्या बाजूने सोडविली. इंटरनेटवर मनुष्य एखादी गोष्ट शोधण्यासाठी शब्द लिहितो, तेव्हा तो आपल्या मनातील गरज स्वतःच्या हाताने लिहून देत असतो. मग पानाऐवजी त्या शब्दालाच जागा का मानू नये? ग्रॉसच्या ‘गोटू’ या शोधसेवेने शब्दांचा लिलाव मांडला. जो व्यापारी अधिक बोली बोलेल त्याचे नाव वर. आणि पैसे केव्हा द्यावयाचे, तर कोणी त्या नावावर टिचकी मारून दुकानात आले तरच.

ऑक्टोबर २००० मध्ये गुगल कंपनीने सुमारे ३५० जाहिरातदारांसह आपली जाहिरातसेवा सुरू केली, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तिला लिलावाचे रूप देऊन त्यात एक महत्त्वाची सुधारणा केली. केवळ मोठी बोली पुरेशी नाही. लोक त्या जाहिरातीवर किती वेळा टिचकी मारतात हेही मोजावयाचे. समजा, एकाने दर टिचकीला १० रुपये देऊ केले, पण शंभर जणांतून एकच टिचकी मारतो. दुसऱ्याने ६ रुपयेच देऊ केले, पण शंभरातून तिघे टिचकी मारतात. पहिल्याकडून गुगलला १० रुपये मिळतील, दुसऱ्याकडून १८. अर्थातच दुसरा वर बसेल. शिवाय, वर बसलेल्याने आपली पूर्ण बोली द्यावयाची नाही. खालच्यापेक्षा वर राहण्यास जेवढी लागेल तेवढीच द्यावयाची. २०२४ साली गुगलचे जाहिरातींपासूनचे उत्पन्न २६ हजार ४०० कोटी डॉलरांहून अधिक होते. तिच्या मूळ कंपनीच्या एकूण उत्पन्नाचा हा सुमारे तीन चतुर्थांश भाग होय. आपण जी सेवा फुकट वापरतो, तिचा खर्च कोठून निघतो हे यावरून कळेल.

आता जाहिरातदार आपली बोली कशी ठरवितो ते पाहू. घरबसल्या शिवणकाम शिकविणारी एक संस्था आपण कल्पू. तिची फी महिना २०० रुपये, आणि विद्यार्थिनी सरासरीने दहा महिने टिकते. म्हणजे एकीकडून २,००० रुपये येतात. त्याचा दहावा भाग, २०० रुपये, एक विद्यार्थिनी मिळविण्यासाठी खर्च करावयाचा असे संस्थेने ठरविले. ‘शिवणकाम’ हा शब्द शोधून येणाऱ्या पन्नास जणींतून एक प्रवेश घेत असेल, तर एका टिचकीची किंमत ४ रुपये झाली. ‘शिवणकाम फुकट शिका’ असे शोधणाऱ्या दोनशे जणींतून एकच प्रवेश घेत असेल, तर तेथे १ रुपयाहून अधिक देणे म्हणजे तोटा. उलट ‘शिवणवर्गाची फी किती’ असे विचारणाऱ्या वीस जणींतून एक येत असेल, तर तेथे १० रुपयेदेखील परवडतात. तिन्ही ठिकाणी विषय शिवणकामाचाच आहे; परंतु फी विचारणारीने मनात पदर खोचलेला असतो. म्हणून जेथे प्रश्नातच पैशाचा वास येतो, तेथे जाहिरातदारांची गर्दी होते.

चिठ्ठी आणि सारखेपणा

पण आमच्या कुकरचे काय? आम्ही तर शोध एकदाच केला होता. त्याचे कारण एका जुन्या युक्तीत आहे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने ‘कुकी’ नावाची सोय काढली. एखादे पान आपल्या संगणकात एक लहानशी चिठ्ठी ठेवून देते, आणि आपण पुन्हा गेलो की ती चिठ्ठी पाहून आपल्याला ओळखते. गिऱ्हाइकाने टोपलीत काय टाकले ते दुकानाच्या लक्षात राहावे, यासाठी ही सोय उपयोगी होती. पुढे जाहिरात कंपन्यांनी अशाच चिठ्ठ्या असंख्य पानांवर ठेवावयास सुरुवात केली, आणि कुकर पाहून गेलेला मनुष्य बातम्यांच्या पानावर आला की “हाच तो” हे त्यांना कळू लागले. किंमत विचारून न घेता गेलेले गिऱ्हाईक सर्वांत आशेचे, असा त्यांचा आडाखा असतो. आणि बाजारातला कोणता दुकानदार तो नाकारील? भेद इतकाच की, बाजारातला दुकानदार आपणांस घरापर्यंत हाका मारीत येत नाही.

याच्याही पुढची पायरी फेसबुकने २०१३ साली गाठली. व्यापाऱ्याने आपल्या पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांची यादी द्यावयाची, आणि फेसबुकने आपल्या कोट्यवधी सभासदांतून त्यांच्यासारखे दिसणारे लोक शोधून काढावयाचे. चेहऱ्याने नव्हे, वय, वस्ती, आवडीनिवडी, रोजचे वागणे यांनी सारखे. मग जाहिरात त्यांनाच दाखवावयाची. येथे जागा ठरविण्याचा प्रश्न एका अर्थाने संपलाच. व्यापारी जागा निवडीत नाही. तो माणूस निवडतो, आणि तो माणूस जेथे असेल ती जागा.

ही पद्धत किती माहितीवर चालते, हे २०२१ साली दिसून आले. एप्रिल महिन्यात ॲपल कंपनीने आपल्या फोनांत असा नियम केला की, इतर ठिकाणच्या वागण्याचा माग काढावयाचा असेल तर आधी फोनच्या मालकाची परवानगी विचारली पाहिजे. पुष्कळांनी ती नाकारली. फेसबुक चालविणाऱ्या मेटा कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले की, या बदलामुळे त्या वर्षी आपले सुमारे १,००० कोटी डॉलरांचे उत्पन्न बुडेल. आपण “माझ्या मागे येऊ नका” एवढेच म्हणावे, आणि त्याची किंमत इतकी मोठी असावी, यातच सारे आले.

चर्चच्या दारातील पत्रके

येथवर वाचून वाचकांस वाटेल की, या कंपन्यांचा हिशेब अचूकच असला पाहिजे. परंतु तसे नाही. एक तिसरा प्रश्न राहिलाच आहे, आणि तोच सर्वांत अवघड आहे.

असे समजा की, फेस्ताच्या दिवशी चर्चच्या दारात एक मनुष्य उभा आहे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात “फेस्तास अवश्य या” असे पत्रक देत आहे. संध्याकाळी तो समितीपुढे येऊन म्हणतो, “पाहा, आज फेस्तास आलेल्या प्रत्येकाजवळ माझे पत्रक होते. माझ्या पत्रकांचा केवढा हा गुण!” त्याला आपण हसू. परंतु इंटरनेटवर हेच काम करणाऱ्यास पुष्कळ कंपन्या वर्षानुवर्षे मोठी रक्कम देत आल्या आहेत.

‘ईबे’ ही वस्तूंच्या खरेदी-विक्रीची मोठी अमेरिकन कंपनी. तिच्यासाठी काम करणाऱ्या थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली हे कोडे प्रयोगाने सोडवावयाचे ठरविले. कोणी ‘ईबे’ हा शब्द शोधला की कंपनीची विकत घेतलेली जाहिरात वर दिसे, आणि तिच्या खाली कंपनीचे फुकटचे नावही दिसेच. त्यांनी याहू आणि एमएसएन या शोधसेवांवर ती विकतची जाहिरात बंद करून पाहिली. काय झाले? ज्या टिचक्या जाहिरातीवर पडत होत्या, त्यांपैकी ९९.५ टक्के खालच्या फुकटच्या नावावर पडू लागल्या. ज्याने ‘ईबे’ असे लिहिले तो ईबेच्याच दारात उभा होता. त्याच्या हातात पत्रक देण्याचे पैसे मात्र कंपनी मोजत होती.

मग त्यांनी आणखी पुढे जाऊन, अमेरिकेतील काही भागांत इतर शब्दांवरील जाहिरातीही बंद केल्या आणि काही भागांत चालू ठेवल्या. दोन्ही भागांतील विक्रीत जवळजवळ फरक पडला नाही. एकंदरीत, जाहिरातीवर घातलेला पैसाही भरून निघत नव्हता. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी निघाली. ज्यांनी ईबेवरून पूर्वी कधीच किंवा फारच क्वचित खरेदी केली होती, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम खरोखर होत होता. आणि जे नेहमीचे गिऱ्हाईक होते त्यांच्यावर काहीच होत नव्हता. दुर्दैव असे की, जाहिरातीचा बहुतेक पैसा या नेहमीच्यांवरच खर्च होत होता, कारण टिचक्या तेच अधिक मारीत. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा तिसरा प्रश्न हा: जाहिरात नसती, तर हे गिऱ्हाईक आले नसते काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी काही काळ जाहिरात बंद करून पाहण्याचे धैर्य लागते. ते धैर्य पुष्कळांस होत नाही. जाहिरात विकणाऱ्यास ते नकोच असते, आणि कंपनीतील ज्या अधिकाऱ्याने ती विकत घेतली, त्यालाही आपण वर्षभर दारात उभे राहून पत्रके वाटली हे सिद्ध झालेले आवडत नाही.

आपल्या घरचा हिशेब

हे सारे आम्ही कशासाठी सांगितले? अमेरिकेतील कंपन्यांचा पैसा वाया गेला तर त्याची काळजी त्या करतील. आमच्या वाचकांना काळजी आहे ती आपल्या घरच्या पैशाची.

पहिली गोष्ट ही की, “पहिला महिना मोफत” असे जेव्हा लिहिलेले असते, तेव्हा त्या मोफत महिन्याची किंमत कोणी तरी आधीच मोजलेली असते, आणि ती आपण पुढे किती महिने टिकू या अंदाजावर मोजलेली असते. टिकणे म्हणजे नेहमीच आवडीने टिकणे असे नव्हे. विसरणेही त्यात येते. अमेरिका ऑनलाइनचीच पुढची कथा ऐका. टेलिफोनच्या तारेवरील तिची सेवा जुनी झाली, लोकांच्या घरी वेगवान इंटरनेट आले. तरीही जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने लिहिले की, कंपनीच्या नफ्याचा सुमारे ८० टक्के भाग अद्याप वर्गणीदारांकडूनच येतो, आणि त्यांत अशी पुष्कळ वृद्ध माणसे आहेत की ज्यांना या वर्गणीची आता गरज उरलेली नाही, हेच ठाऊक नाही. ती सेवा अखेरीस ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. तबकडी फुकट आली होती. वर्गणी मात्र कित्येकांच्या खात्यांतून गरज संपल्यावरही जात राहिली.

आपल्या देशात रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून यावर एक चांगला बंधारा घातला आहे. कार्डावरून वा तत्सम मार्गाने दरमहा आपोआप पैसे कापून घेण्याची संमती आपण दिली असेल, तर पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी तशी सूचना आली पाहिजे, आणि ती संमती मागे घेण्याची सोयही असली पाहिजे. ही सूचना मोबाइलवर येते आणि इतर संदेशांच्या गर्दीत बुडून जाते. घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर असे संदेश येतात की काय, हे शिकल्यासवरलेल्या मुलामुलींनी महिन्यातून एकदा बसून पाहावे. जी सेवा कोणी वापरीत नाही, ती त्याच बैठकीत बंद करावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गिऱ्हाइकाची किंमत ते एकूण किती पैसे देईल यावर ठरत असेल, तर ज्या धंद्यात मनुष्य पुन्हा पुन्हा पैसे लावतो, त्या धंद्याला स्वतःस आवरू न शकणारा मनुष्यच सर्वांत मोलाचा ठरतो. आणि त्याच्यासारखे आणखी शोधून देण्याचे यंत्र तयारच आहे. मोबाइलवर पैसे लावून खेळावयाच्या खेळांनी कित्येक घरांतील तरुणांची मिळकत कशी गेली, हे आम्ही सांगावयास नको. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती या दोहोंसही मनाई केली. जाहिरात ही येथे नुसती बातमी नसून धंद्याचे अर्धे अंग आहे, हे त्यामुळे मान्य झाले. तथापि कायदा झाला म्हणून घरच्यांचे लक्ष सुटावे असे नाही. एखाद्या मुलाच्या मोबाइलवर झटपट कर्जाच्या वा झटपट कमाईच्या जाहिराती वारंवार येत असतील, तर त्याला रागे भरण्याआधी शांतपणे विचारावे, “तू अलीकडे काय शोधलेस?” जाहिरात पुष्कळदा आधीच्या एखाद्या काळजीचा माग असते. गुगलच्या खात्यात आपल्या वागण्यावरून जाहिराती दाखविणे बंद करण्याची सोयही आहे. तिने जाहिराती थांबत नाहीत. पण आपल्या खात्यावर नोंदलेल्या शोधांवरून त्या निवडणे थांबते.

तिसरी गोष्ट, जे वाचक स्वतः काही विकतात त्यांच्यासाठी. पुष्कळ घरांतील भगिनी आता मसाले, लोणची, केक अथवा शिवलेले कपडे मोबाइलवरून विकू लागल्या आहेत, आणि थोडे पैसे भरून जाहिरातही देतात. त्यांनी मोठ्या कंपन्यांची चूक करू नये. एका वहीत तीन रकाने आखावेत: गिऱ्हाईक कोठून आले, पहिल्या खरेदीस किती दिले, आणि पुन्हा आले की नाही. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास, “आमचे नाव आपणांस कोठे कळले?” असे मोकळेपणी विचारावे. आणि दोन आठवडे एका तालुक्यात जाहिरात द्यावी, शेजारच्या तालुक्यात देऊ नये. मग दोन्हीकडची विक्री ताडून पाहावी. ईबेच्या अर्थशास्त्रज्ञांनी जे केले ते तत्त्वतः एवढेच होते. त्यास ना मोठे भांडवल लागते, ना मोठी पदवी. पुष्कळदा असे दिसून येईल की, आपली जाहिरात आपल्या मावश्यांना आणि शेजारणींनाच दिसत होती. आणि त्या तर तशाही लोणचे घेणारच होत्या.

राहता राहिला धाकट्याचा प्रश्न. त्याला आम्ही आता असे उत्तर दिले आहे: “बाळ, आपण कुकर पाहिला हे त्यांना चिठ्ठीने कळले, पण आपण तो बाजारातून रोख पैसे देऊन घेतला, हे त्यांना कळावयास मार्ग नव्हता. म्हणून ते आपणांस हाका मारीत राहिले, आणि त्या हाकांचे पैसे त्या बिचाऱ्या कुकरवाल्याने भरले.” यावर तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मग आपण त्यांना सांगून टाकू या ना!” आम्ही नको म्हटले. आपण काय घेतले आणि काय घेतले नाही, यातील थोडे तरी आपल्या घरातच राहिलेले बरे.